नजल्याचे माजून आणि शस्त्रक्रियेनंतरचा तिसरा दिवस : मिरजेतील एक प्रकरण अभ्यास

रुग्ण ६७ वर्षांचे गृहस्थ. सांगलीच्या हळद बाजारात त्यांनी हमाल म्हणून उभे आयुष्य काढले, तरुणपणी हरिपूरच्या पेवांतून हळद काढण्याची कामेही केली आणि काम सुटल्यावर मिरज तालुक्यातील आपल्या गावी मुलाकडे राहू लागले. उजव्या जांघेतील हर्निया अडकल्यामुळे त्यांना मिरजेतील एका रुग्णालयात तातडीने दाखल करण्यात आले आणि त्याच रात्री कमरेखाली भूल देऊन शस्त्रक्रिया झाली. जुना खोकला आणि दम यांची नोंद केसपेपरवर होती. ‘चालू औषधे’ या रकान्यात ‘काही नाही’ असे लिहिलेले होते. खोकल्यासाठी घेतल्या जाणाऱ्या, अफू असलेल्या माजुनाची (मधात कालवलेल्या युनानी औषधाची) नोंद त्यात राहून गेली आणि त्यातून पुढे काय घडले, ते रुग्ण आणि त्यांचे कुटुंब यांच्या संमतीने येथे मांडत आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

पहिले दोन दिवस सुरळीत गेले. वेदनेसाठी ट्रॅमाडॉलची इंजेक्शने चालू होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती थांबवून पॅरासिटामॉल देण्यात आले. तिसऱ्या दिवशी पहाटेपासून रुग्ण अस्वस्थ झाले. सतत जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात कळा आणि पाठोपाठ पातळ जुलाब अशी लक्षणे होती. नाडी ११२, रक्तदाब १६८/९६, ताप मात्र ९९ अंशांच्या पुढे गेला नव्हता. वर्षानुवर्षे बद्धकोष्ठाने हैराण असलेल्या माणसाला एकाएकी जुलाब व्हावेत, ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही, कारण बद्धकोष्ठाची नोंदच झालेली नव्हती. जंतुसंसर्गाच्या शंकेने प्रतिजैविक बदलण्यात आले. दुपारनंतर घाम आणि तगमग वाढली, तेव्हा दारू तुटल्याचा त्रास असावा असा कयास बांधून लोराझेपाम हे शामक औषध सुरू झाले. रुग्ण माळकरी आहेत. माळ घातली त्या दिवसापासून बिडी आणि दारू दोन्ही सुटलेली. दारूच्या प्रश्नाने घरची माणसे दुखावली आणि त्यानंतर दुसऱ्या कशाबद्दल कोणी विचारले नाही, कोणी सांगितलेही नाही.

रात्री आठच्या सुमारास सुनेने घरून आणलेल्या डबीतून त्यांचे ‘रोजचे औषध’ दिले. तासाभराने आराम वाटेना म्हणून रुग्णाने पुन्हा मागितले, तेव्हा पुन्हा दिले. अकराच्या सुमारास ते हाकेला ओ देईनासे झाले. श्वास मिनिटाला सात, रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण ८१ टक्के, रक्तातील साखर व्यवस्थित. मला फिजिशियन म्हणून बोलावणे आले ते या टप्प्यावर. बाहुल्या लहान होत्या, पण अफूच्या अतिमात्रेत अपेक्षित असतात तशा टाचणीच्या टोकाएवढ्या नव्हत्या. त्याचे कारण पुढे येईल. मास्क आणि पिशवीने श्वास देत नॅलॉक्सोन हे अफूचा अंमल उतरवणारे औषध ०.१ मिलिग्रॅमच्या टप्प्यांनी देण्यात आले आणि चौथ्या टप्प्याला रुग्णाने डोळे उघडले. नॅलॉक्सोन एकदम पूर्ण मात्रेत देण्याचा मोह अशा वेळी होतो, परंतु ज्याचे शरीर अफूला सरावलेले आहे त्याला तसे दिल्यास तुटण्याची सर्व लक्षणे एका क्षणात उसळतात, आणि ताज्या टाक्यांच्या, दम्याने बेजार अशा वृद्धाला ते झेपणारे नव्हते. शिवाय नॅलॉक्सोनचा प्रभाव तास-दीड तासात ओसरतो आणि पोटातील अफू त्याहून कितीतरी जास्त वेळ काम करीत राहते, म्हणून रात्रभर त्याचा सलाइनमधून संथ प्रवाह चालू ठेवावा लागला. रक्तातील क्रिएटिनिन १.८, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावलेले होते. अफूतील मुख्य द्रव्य मॉर्फिन; त्याचे जे रूपांतरित द्रव्य शरीरात तयार होते तेही तितकेच गुंगी आणणारे असते आणि ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते; मूत्रपिंड मंदावलेले असेल तर ते साठत जाते.

सुनेला दोष देण्याचे काही कारण नाही. “आबांना रोजचं औषध मिळालं नाही म्हणून जीव कासावीस झालाय, एवढंच मला दिसलं,” असे त्या म्हणाल्या. त्यांचे निदान वॉर्डातील निदानापेक्षा अचूक होते.

हकिमांचे औषध आणि नंतरची बरणी

डबीतले औषध म्हणजे काळपट तपकिरी, मधाळ, केशराचा आणि मिऱ्यांचा वास असलेले माजून. त्याचा उगम मिरजेतील एका वयोवृद्ध हकिमांकडे जातो. बाजारात हळदीच्या धुळीने खोकला धरला की अनेक हमाल त्यांच्याकडे जात. त्यात हिंदू-मुसलमान असा काही भेद नव्हता आणि मिरजेच्या माणसाला त्यात सांगण्यासारखे काही वाटणारही नाही. रुग्णाच्या आठवणीप्रमाणे हकीमसाहेब नाडी पाहत, जीभ पाहत, झोप आणि शौच यांची चौकशी करीत आणि थंडीच्या दिवसांत हरभऱ्याएवढे माजून रात्री एकदा, तेही दोन-तीन आठवडेच देत. पुडीत मोजून तेवढेच असे; संपले की पुन्हा दाखवायला यावे लागे. उन्हाळ्यात मागितले तर नाही म्हणत.

हकीमसाहेब वारले आणि दवाखाना बंद झाला. काही महिन्यांनी बाजारातल्याच एका ओळखीच्या माणसाने ‘तोच नुस्खा’ म्हणून बरणी आणून दिली. बरणीवर चिठ्ठी नव्हती, घटक नव्हते, मात्रा नव्हती. थंडीपुरते असलेले औषध बारमाही झाले, रात्रीपुरते असलेले दोन वेळा झाले आणि हरभऱ्याचे बोर झाले. दहा-बारा वर्षांच्या या प्रवासात रुग्णाला कुठेही आपण व्यसन करतो आहोत असे वाटले नाही, आणि ते मला पूर्ण समजते. बिडी आणि दारू सोडण्यासारख्या गोष्टी होत्या. हे औषध होते, हकिमांनी दिलेले.

मात्रेचा अंदाज करून पाहणे उपयोगाचे आहे. अफूत मॉर्फिनचे प्रमाण साधारणपणे आठ ते चौदा टक्के असते; आपण दहा धरू. माजुनात दहावा हिस्सा अफू आहे असे गृहीत धरले, तर अर्धा ग्रॅम भरणाऱ्या हरभऱ्याएवढ्या गोळीत पन्नास मिलिग्रॅम अफू, म्हणजे पाच मिलिग्रॅम मॉर्फिन येते. चार ग्रॅमच्या बोराएवढ्या गोळीत तेच चाळीस मिलिग्रॅम होते आणि दोन वेळचे मिळून ऐंशी. ऐंशी मिलिग्रॅम मॉर्फिन रोज तोंडावाटे घेणे ही कर्करोगाच्या वेदनेसाठी दिली जाणारी मात्रा आहे. बरणीतले खरे प्रमाण याहून कमी असेल किंवा अधिकही. डोळ्यांनी मात्रा मोजण्यातला धोका मात्र या आकड्यांतून पुरेसा दिसतो.

ग्रंथांत काय आहे

या घटनेनंतर वॉर्डात एक वाक्य वारंवार ऐकू आले, की ‘युनानीवाल्यांनी अफू चारली’. हे वाक्य अन्यायाचे आहे, आणि वैद्यकाच्या दृष्टीनेही निरुपयोगी आहे. मिरजेतच प्रॅक्टिस करणाऱ्या एका युनानी पदवीधर डॉक्टरांना मी हे प्रकरण दाखवले. वर्णन आणि वास यांवरून त्यांनी हे बरशाशाच्या धर्तीचे माजून असावे असे सांगितले. बरशाशात अफू म्हणजे अफयून, काळी व पांढरी मिरी, खुरासानी ओवा, केशर, अक्कलकारा, जटामांसीच्या जातीची सुगंधी मुळे आणि मध असे घटक येतात; जुनाट नजला म्हणजे वाहती सर्दी, खोकला आणि अतिसार यांसाठी ते पूर्वापार वापरात आहे.

युनानी द्रव्यगुणशास्त्रात प्रत्येक द्रव्याचा मिजाज म्हणजे प्रकृती आणि त्याची तीव्रता चार दर्जांत सांगितलेली असते. अफयून थंड आणि कोरडी, आणि तीही चौथ्या दर्जाची, म्हणजे जिथून विषाची हद्द सुरू होते त्या पायरीवर. तिला मुखद्दिर म्हणजे बधिर करणारी, मुनव्विम म्हणजे झोप आणणारी आणि काबिज म्हणजे बांधून ठेवणारी मानले जाते. नजल्यात वरून खाली वाहणारा स्राव थांबवायचा आहे, खोकल्याची उबळ शमवायची आहे, जुलाब बांधायचे आहेत, ही तीनही कामे अफू खरोखरच करते. आधुनिक औषधशास्त्राच्या भाषेत मेंदूतील खोकल्याचे केंद्र दबते आणि आतड्याची हालचाल मंदावते. कोडीन हे खोकल्याचे प्रसिद्ध औषध अफूतूनच आले. त्यामुळे जुन्या हकिमांचे निरीक्षण चुकीचे होते असे म्हणता येत नाही.

मात्र त्याच ग्रंथांत अफूभोवती कुंपणही घातलेले आहे. प्रत्येक तीव्र द्रव्यासोबत त्याचा मुस्लेह, म्हणजे दोष आवरणारे द्रव्य सांगितलेले असते; अफूसाठी केशर आणि जुंदबेदस्तर (बीव्हर या प्राण्याच्या ग्रंथींतील स्राव) ही नावे येतात, आणि मिरी, अक्कलकारा यांसारखी उष्ण द्रव्ये तिच्या थंडपणाला तोलून धरतात अशी उपपत्ती आहे. इब्न सिना (९८०–१०३७) यांनी आपल्या ‘कानून’ या वैद्यकग्रंथात वेदनाशमनाचे प्रकार सांगताना कारण दूर करणारे उपाय आधी ठेवले आहेत आणि बधिर करणारी औषधे शेवटी, बधिरपणामुळे वेदना कळेनाशी होते, रोग जात नाही, म्हणून वेदनेचा धोका मोठा की औषधाचा, हे तोलून पाहावे असा त्यांचा विचार आहे. सोळाव्या शतकात इराणमधील वैद्य इमादुद्दीन महमूद शिराझी यांनी तर अफूवरच फारसीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला; ते स्वतः अफूच्या अधीन झालेले होते आणि हळूहळू मात्रा कमी करीत, पर्यायी औषधे देत ती कशी सोडवावी याचे विवेचन त्यांनी केले आहे. आज आपण ज्याला टप्प्याटप्प्याने मात्रा उतरवणे म्हणतो, ते या परंपरेला चारशेहून अधिक वर्षांपूर्वी माहीत होते.

मिरजेच्या या युनानी डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. युनानी मतानुसार वार्धक्याचा मिजाजच थंड आणि कोरडा असतो. म्हणजे थंड-कोरड्या प्रकृतीच्या वयात, चौथ्या दर्जाचे थंड-कोरडे द्रव्य, बारा महिने! त्यांच्याच शास्त्राच्या हिशेबाने याहून अयोग्य जोडी शोधून सापडणार नाही. हकीमसाहेब उन्हाळ्यात औषध का नाकारीत आणि दोन-तीन आठवड्यांपलीकडे का देत नसत, याचा अर्थ इथे लागतो. त्यांच्यामागे नुस्खा टिकला आणि तो वापरण्याचे नियम त्यांच्याबरोबर गेले.

बाहुल्या पुरेशा लहान का नव्हत्या, याचे उत्तरही घटकांच्या यादीत आहे. खुरासानी ओव्यात हायोसायमिन आणि स्कोपोलामिन असतात. ती बाहुल्या मोठ्या करतात, तोंड कोरडे पाडतात, लघवी अडवतात आणि वृद्धांना भ्रमिष्ट करतात. अफू एका दिशेने ओढते, खुरासानी ओवा दुसऱ्या, आणि तपासणाऱ्याला अर्धवट चित्र दिसते. रुग्णाला शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच लघवीला जोर करावा लागत होता आणि ते प्रोस्टेटचे दुखणे समजले जात होते. थोडे मागे जाऊन पाहिले तर हर्नियाही याच साखळीत बसतो: धुळीचा आणि बिडीचा खोकला, खोकल्यासाठी अफू, अफूमुळे बद्धकोष्ठ, शौचाला आणि लघवीला जोर, आणि त्या जोराने जांघेतली फट वाढत गेलेली.

तिसऱ्या दिवसाचे निदान

अफू तुटल्याची लक्षणे शेवटच्या मात्रेनंतर साधारण आठ ते चोवीस तासांत सुरू होतात आणि दोन-तीन दिवसांत टोकाला जातात. या रुग्णात ती उशिरा दिसली, कारण ट्रॅमाडॉल हे स्वतः अफूच्याच वाटेने काम करणारे औषध असल्याने त्याने दोन दिवस त्यांना झाकून ठेवले आणि ते थांबताच पडदा उघडला. दारू तुटल्यावर हात थरथरतात, नसलेल्या गोष्टी दिसतात, झटके येऊ शकतात. जांभया, नाक वाहणे, अंगावर काटा आणि मोठ्या बाहुल्या ही ठेवण अफूची. या लक्षणांचे मोजमाप करणारी ११ मुद्द्यांची गुणपट्टी उपलब्ध आहे आणि ती भरायला पाच मिनिटेही लागत नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळच्या नोंदींवरून ती चौथ्या दिवशी मागाहून भरली तेव्हा रुग्णाचा त्रास मध्यम तीव्रतेच्या गटात आला.

लघवीच्या तपासणीत मॉर्फिन सापडले, पण त्यावर एकट्यावर विसंबता आले नसते. आपल्याकडे डिंकाच्या लाडवांत, अनारशांत खसखस असते आणि भरपूर खसखस खाल्ल्यावरही ही तपासणी सकारात्मक येऊ शकते. खसखस गुंगी आणत नाही; अंमल असतो तो बोंडाला चिरा पाडून काढलेल्या चिकात. युनानीतही बी, बोंडाचे टरफल आणि चीक ही तीन वेगळी औषधे आहेत आणि त्यांची मात्रा व उपयोग वेगळे आहेत. निदान पक्के झाले ते डबी समोर आल्यावर.

ती डबी इतका वेळ का लपली, याचे एक कारण दारूच्या प्रश्नाने दुखावलेली घरची माणसे आणि दुसरे कारण पोलिसांची भीती. मुलाने नंतर सांगितले की ‘अफू’ हा शब्द त्यांना माहीत होता आणि म्हणूनच तो उच्चारायचा नव्हता. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने अफूचे उत्पादन, बाळगणे आणि विक्री यांवर कडक बंधने घातली आहेत. लागवड मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील ठरावीक भागांत परवान्यानेच होते, आणि सरकारी कारखाने नीमच आणि गाझीपूर येथे आहेत. वैद्यकीय उपयोगाला कायद्याने वाट ठेवलेली आहे; ०.२ टक्क्यांहून अधिक मॉर्फिन नसलेले मिश्रण कायद्याच्या व्याख्येत अफू धरले जात नाही. औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये अफयून विषारी द्रव्यांत येते, त्यामुळे अशा पोटात घेण्याच्या युनानी औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी आणि हिंदीत छापणे बंधनकारक आहे. बिनचिठ्ठीची बरणी यांपैकी कशातच बसत नाही. अमली पदार्थविषयक कायद्याच्याच कलम ६४-अ मध्ये स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या अधीन व्यक्तीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण दिलेले आहे. हे कुटुंबाला शांतपणे समजावून सांगितल्यावरच पुढची सर्व हकिकत मोकळेपणाने बाहेर आली. ही माहिती डॉक्टरांनी आधी द्यावी आणि प्रश्न नंतर विचारावा, असे माझे ठाम मत आहे.

उपचार

माजून एकदम बंद करणे किंवा तेच देत राहणे, दोन्ही योग्य नव्हते. नॅलॉक्सोनचा प्रवाह थांबवल्यावर तुटण्याची लक्षणे स्पष्ट दिसेपर्यंत थांबून ब्युप्रेनॉर्फिन हे अफू सोडवण्यासाठी तिच्या जागी दिले जाणारे औषध जिभेखाली दोन मिलिग्रॅमपासून सुरू केले. ते श्वासावर तुलनेने कमी दाब आणते आणि मूत्रपिंड मंदावलेले असतानाही देता येते, म्हणून या रुग्णाला ते सोयीचे होते. रुग्णालयातून घरी जाताना त्यांची नोंदणी सरकारमान्य व्यसनमुक्ती केंद्रात केली आणि मात्रा उतरवण्याचे वेळापत्रक आठवड्यांऐवजी महिन्यांत आखले.

त्याहून मोठे काम खोकल्याचे होते, कारण तो तसाच राहिला असता तर बरणी परत आली असती. श्वासाची क्षमता मोजली तेव्हा फुप्फुसांचा जुनाट अवरोधी आजार निघाला. इतक्या वर्षांत त्यांना इनहेलर कोणी दिलाच नव्हता. टायोट्रोपियमचा इनहेलर सुरू केल्यावर तीन आठवड्यांत रात्रीचा खोकला निम्म्यावर आला. कफासाठी युनानी डॉक्टरांनी लऊक सपिस्तान दिले, ज्याचा मुख्य घटक आपल्याकडचे भोकर आहे, आणि त्याला माझी काहीच हरकत नव्हती. छातीचा सीटी स्कॅनही करून घेतला, कारण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२० मध्ये अफूचे सेवन माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात घातले आहे आणि त्यात फुप्फुस, स्वरयंत्र व मूत्राशय यांचा उल्लेख आहे; जोडीला बिडीची जुनी वर्षे होतीच. स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही. इराणमध्ये २०१६ च्या सुमारास भेसळीच्या अफूतून शिशाची विषबाधा झाल्याची अनेक प्रकरणे उघडकीस आली होती, म्हणून पोटातल्या कळा आणि रक्तक्षय पाहता शिशाची तपासणीही पाठवली. ती निर्दोष आली.

सहा महिन्यांनंतर ब्युप्रेनॉर्फिन ०.४ मिलिग्रॅमवर आहे. झोप अजून तुटक लागते आणि शेवटची ही पायरी उतरणे सर्वांत अवघड जात आहे, त्यामुळे थंडीचे दिवस सरेपर्यंत आम्ही ती हलवणार नाही. शौच नियमित झाले, लघवीचा त्रासही कमी झाला आणि प्रोस्टेटसाठी ठरलेली पुढची तपासणी तूर्त पुढे ढकलली. रुग्णाने स्वतःहून बाजारातील दोन जुन्या सोबत्यांना माझ्याकडे पाठवले. दोघांच्याही घरी तीच बरणी होती. एकाला अजून दिवसाआड आणि थोड्याच मात्रेची सवय असल्याने त्याचे औषध काही आठवड्यांत बंद करता आले. दुसऱ्याला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळालेली होती. त्यांच्या केसपेपरवर ‘चालू औषधे’ या रकान्यात माजुनाची मात्रा लिहून, भूलतज्ज्ञांशी बोलूनच त्यांना दाखल केले.